आक्का, पॅडल बसतंय

मला भुतांची भीती वाटत नाही, राग येतो. कुणी अवचित मेलं की त्याच्या मरणाला एक भूत चिकटवायचं आणि आपण हात झटकून मोकळं व्हायचं, ही आमच्याकडची जुनी खोड. माझ्या धाकट्या भावाची जीप पासलीच्या वरच्या उतारावरून दरीत गेली, तेव्हा लोकांनी त्याच्या दहाव्यालाच निकाल लावून टाकला. म्हणे त्या वळणावर हिरव्या लुगड्यातली बाई उभी असते, हात करून गाडी थांबवते, आणि जो थांबत नाही त्याची गाडी ओढून नेते. भाऊ थांबला नसणार. प्रश्न मिटला.

पिंडाला कावळा शिवायची वाट बघत सगळे बसले होते, आणि मी तिथेच ओरडले, "त्या बाईला हितल्या कुणी बघितलंय का? कुठं ऱ्हाती ते सांगा, मी जाते तिला भेटायला." एक चुलते हळूच म्हणाले, "पोरी, दुःखानं डोकं फिरलंय तुजं." पुढच्या अवसेला आईनं दहीभात, एक अंडं आणि हळदकुंकू पत्रावळीत बांधलं आणि मला म्हणाली, "त्या वळनावर ठेवून यायचंय." मी म्हणाले, "मी न्हाई येणार. असल्या थोतांडाला माझ्या गाडीत जागा न्हाई." ती चपला घालून एसटीच्या थांब्यावर जाऊन उभी राहिली. त्यानंतर दर अवसेला ती एसटीनंच जात राहिली.

मार्गासनीत आम्ही दोघीच राहतो. वडील आम्ही लहान असतानाच गेले. माझं नवऱ्याशी पटलं नाही म्हणून मी माहेरी परत आले, आणि त्यावर गावाचं काय बोलायचं ते बोलून झालेलं आहे. भाऊ होता तोवर तो वडापची जीप चालवायचा. वेल्ह्याहून वर पासली, केळदकडे माणसं, कोंबड्या, तांदळाची पोती, आजारी म्हातारी, नवरी, जे येईल ते घेऊन जायचा. तो गेल्यावर मी एक जुनी व्हॅन घेतली आणि डब्यांचं काम सुरू केलं. पहाटे स्वयंपाक करायचा आणि दुपारच्या आत वरव्याच्या कारखान्यांमधल्या पोरांना डबे पोचवायचे. हात चालता राहिला की डोकं गप्प बसतं, एवढाच त्यातला हिशोब होता.

गाडी चालवायला मला भावानंच शिकवलं. भात कापून झालेल्या मोकळ्या खाचरात त्यानं मला जीपवर बसवलं होतं. पहिल्याच दिवशी मी बांधावर जीप चढवली, तेव्हा तो हसून हसून खाली बसला. मग म्हणाला, "आक्का, एक ध्यानात ठेव. तुझा पाय आन चाक ह्यांच्या मदी लोखंड न्हाई, सळई न्हाई. नळीत भरलेलं ऑईल हाय फकस्त. तू हितं दाबलंस की त्ये तिकडं चाकाला दाबतं. त्या ऑईलचा इश्वास गेला की समदं गेलं." मी म्हणाले, "म्हणजे नवऱ्यासारखं." तो म्हणाला, "न्हाई, नवरा सांगून जातो."

असा होता तो. त्याच्याशी बोलताना शेवटचा शब्द आपला कधी नसायचाच.

यंदाच्या पावसाळ्याच्या शेवटी, नसरापूरला हायवेवर चढायच्या आधी एका ट्रकमागे मी थांबले होते. तिथे जरासा उतार आहे. ब्रेकवर पाय ठेवून मी निवांत बसले होते, मागं डब्यांमधून रस्स्याचा वास येत होता. आणि माझा पाय खाली जायला लागला. मी जोर वाढवला नव्हता, काही केलं नव्हतं. चिखलणीच्या वेळी खाचरात उभं राहिलं की पाय आपोआप रुतत जातो ना, तसं पॅडल अगदी सावकाश, काही आवाज न करता खाली निघालं होतं. व्हॅन पुढे सरकायला लागली. ट्रकचं मागचं फळकूट जवळ आलं. मी घाबरून पाय उचलला आणि पुन्हा दाबला, तर पॅडल टणक होऊन वर आलं, जणू काही झालंच नव्हतं.

आणि त्याच क्षणी मला भावाचा आवाज आला. आठवला असं म्हणायला पाहिजे, पण आठवला नाही, आला. "आक्का, पॅडल बसतंय गं."

तो जायच्या आधीच्या थंडीतली गोष्ट. जेवताना भाकरी मोडता मोडता तो हे म्हणाला होता. मी विचारलं, "मग दाखव की कुणाला." तो म्हणाला, "दावलं की. मिस्त्रीनं नळीतली हवा काढून दिली. चार दिस बरं व्हतं, पुन्हा बसतंय. दोनदा मारलं की येतंय वर." मग त्यानं आणखी आमटी मागितली आणि विषय संपला. आमच्या घरात विषय असेच आमटीवर संपायचे.

त्या दिवशी मी डबे कसे पोचवले ते मला सांगता येणार नाही. हँडब्रेकवर हात ठेवून, सगळ्यांच्या शिव्या खात, बैलगाडीच्या चालीनं गेले आणि तशीच परत आले.

दुसऱ्या दिवशी उजाडल्यावर अंगणात गाडी लावून मी भावानं शिकवलेल्या सगळ्या गोष्टी एकेक करून बघितल्या. इंजिन बंद ठेवून पॅडल भराभर मारलं, टणक झालं. मग पाय तसाच दाबून धरला. थोडा वेळ थांबलं आणि पुन्हा निघालं खाली. चाकांच्या मागं हात फिरवून बघितला, सगळं कोरडं. गाडीखाली पुठ्ठा टाकला होता, त्यावर एक थेंब नाही. बॉनेट उघडलं. ब्रेकच्या ऑईलची ती पांढरट बाटली भरलेली, खुणेच्या जरा वरच. मला तेव्हा त्यात काही वावगं वाटलं नाही, उलट बरं वाटलं. बाहेर कुठं गळत नाही आणि पाय तर खाली जातो, म्हणजे आतल्या आत गळतंय. पॅडलचा दाब ऑईलला देतो त्या मास्टर सिलेंडरमधली रबरं गेली असणार.

आई ओट्यावर बसून वाल सोलत होती. ती म्हणाली, "काय गं, काय झालं गाडीला?"

"काही न्हाई. पॅडल बसतंय."

तिचा हात थांबला. मग पुन्हा चालायला लागला.

नसरापूरच्या गॅरेजवाल्यानं मला बघताच सांगून टाकलं, "हवा धरली असंल ताई. काढून देतो." मी म्हणाले, "दादा, हवा असली तर पॅडल लिबलिबीत लागतं, पण टिकतं. हे टणक लागतंय आन मग बसतंय. हवा न्हाई, मास्टर बघा." तो म्हणाला, "तुमी डबे बगा ताई, आमी ब्रेक बगतो." त्यानं हवा काढली. थोडे दिवस बरं चाललं. मग मार्गासनीच्या पुलाच्या अलीकडे पुन्हा तेच, पाय सावकाश खाली. या वेळी मी गॅरेजात गेले ती थेट किल्ली त्याच्या हातात आपटायलाच. म्हणाले, "डबे बघून झालं. आता मास्टर उघडा."

त्यानं बाटलीचं झाकण काढलं, आणि झाकणाच्या आतलं रबर त्याच्या हातात आलं. ते झाकणाच्या आकाराचं राहिलंच नव्हतं. फुगून त्याच्या कडा पापडासारख्या वेड्यावाकड्या झाल्या होत्या. त्यानं ते परत बसवून बघितलं, बसेना. "ह्यात काय घातलंय ताई? ह्ये रबर असं फुगत न्हाई. दुसरं कायतरी पडल्याबिगर न्हाई." त्यानं पिचकारीनं बाटलीतलं थोडं ऑईल ओढून काचेच्या बाटलीत घेतलं आणि कट्ट्यावर ठेवलं. आम्ही बघत राहिलो. हळूहळू त्याचे दोन थर झाले. खाली काळपट ऑईल आणि वर पिवळं, स्वच्छ, वेगळंच काहीतरी.

"इंजिन ऑईल घातलं का कुणी?" त्यानं विचारलं.

मी बाटली नाकाशी नेली. रोज पहाटे मी ज्याची फोडणी करते ते मला ओळखायला कुणाची गरज नव्हती. घाण्यावरचं करडईचं तेल होतं, जरा खवट झालेलं.

मी खाली बसले. त्याला वाटलं मला चक्कर आली. त्यानं चहा मागवला.

ती चक्कर नव्हती. मला भाऊ दिसत होता. जीप गेली त्याच्या आधीची दिवाळी झाली होती, उन्हात तो दारात उभा होता, आणि त्याच्या बोटावर अडकवलेलं एक काळं रबर होतं. हसत मला म्हणत होता, "आक्का, ह्ये बग. झाकणाचं रबर वाढाय लागलंय. पोटाशी असल्यागत फुगलंय. बसतच न्हाई." मग त्यानं दाढीच्या ब्लेडनं त्याच्या कडा कापून ते झाकणात बसवलं आणि वर म्हणाला, "झालं बग ऑपरेशन." आम्ही दोघंही हसलो होतो. आईही हसली होती.

आता तेल तिथं कसं गेलं ते सांगते. खंडेनवमीला आमच्याकडे सगळी हत्यारं धुऊन मांडतात. विळा, कोयता, खुरपं, पाटावरवंटा, माझं शिलाई मशीन, सगळ्यांना हळदकुंकू आणि झेंडूचं फूल. कुणाच्याही घरात होतं तसंच. पण आईची एक स्वतःची रीत आहे, तिच्या माहेरची. ती म्हणते, हत्याराला वरून तेलाचं बोट लावायचं आणि यंत्राला मात्र तेल पोटात घालायचं. "वरसभर राबतंय त्ये, त्याच्या पोटात घरचं कायतरी जायला नगं का?" शिलाई मशीनच्या भोकात, पाण्याच्या इंजिनात, चुलत्यांच्या भातगिरणीच्या बेअरिंगमध्ये, वाटीतून चमचाभर घरचं तेल. त्यानं कशाचं कधी काही बिघडलं नाही. मशीन तर उलट हलकं चालायचं.

मग घरात जीप आली. पहिल्या नवमीला आई वाटी घेऊन जीपसमोर उभी राहिली आणि म्हणाली, "हिचं त्वांड कुठं हाय?" भावानं बॉनेट उघडलं. इंजिनचं झाकण गरम होतं आणि घट्टही. ती पांढरी बाटली हाताशी होती, तिचं झाकण बोटानं फिरत होतं, आणि आतलं बाहेरून दिसत होतं. तो म्हणाला, "हितं घाल आये." मी त्याला म्हणाले होते, चालतं का रे असलं? तर म्हणाला, "चमचाभर तेलानं काय व्हतंय, तिचं मन ऱ्हातं." ऑईलचं एवढं ज्ञान देणारा माझा भाऊ, आईचं मन राखायला ते सगळं ज्ञान खुंटीला टांगून मोकळा झाला. आईनं जागा लक्षात ठेवली. दरवर्षी तिथेच. मी व्हॅन घेतल्यावर पहिल्या नवमीला मी फक्त बॉनेटचा खटका ओढला आणि नैवेद्याचं बघायला आत गेले. तिला कुणी जागा दाखवायची गरज नव्हती.

गॅरेजवाल्यानं सगळी रबरं बदलली, नळ्या धुतल्या, नवं ऑईल भरलं. मी त्याला सांगितलं, कुणा पोराच्या हातून चुकून पडलं असेल. पॅडल दगडासारखं घट्ट झालं. मीच घट्ट राहिले नाही.

मला खात्री करायची होती. किंवा खरं सांगायचं तर खात्री होऊ नये असं वाटत होतं. जीप अपघातानंतर भोरच्या भंगारात गेली होती. मी एक दिवस डबे देऊन झाल्यावर कापूरहोळवरून भोरला गेले, तो भंगारवाला शोधला. म्हणाले, पासलीवरून आलेली जीप, निळी. त्यानं हात हलवला, "ती कवाच कापली ताई." कोपऱ्यात इतर गाड्यांच्या तसल्या पांढऱ्या बाटल्या ढिगानं पडल्या होत्या. मी वाकून एकेक झाकण उघडत गेले. ब्लेडनं कापलेलं रबर शोधत होते. तो माणूस थोडा वेळ बघत राहिला आणि मग मला काही न विचारता आत निघून गेला. मला त्यात काही सापडलं नाही.

म्हणजे पुरावा काही नाही. जीपचा ब्रेक त्यामुळंच गेला की रस्त्यावरच्या खडीनं घसरली की त्याला डुलकी लागली, कुणी सांगू शकत नाही. तो एकटा होता, माणसं सोडून रिकामी गाडी घेऊन खाली येत होता. पण मला ते वळण माहीत आहे. मला माहीत आहे की तिथं पोचेपर्यंत किती वेळ ब्रेकवर पाय ठेवावा लागतो. आणि त्याचा पाय सावकाश खाली जात असताना त्याला काय वाटलं असेल तेही आता मला माहीत आहे, कारण माझा पाय तसाच गेला होता. दोनदा मारलं की येतंय वर, असं तो म्हणायचा. त्या दिवशी दुसऱ्यांदा मारायला जागा उरली नसेल.

तेव्हापासून तो पाय मला सोडत नाही. एसटीत बसले की मी समोरच्या पत्र्यावर उजवा पाय रेटते. चुलीपुढं बसले की जमिनीवर रेटते. भाकरी थापताना मध्येच वाटतं जमीन खाली चालली आहे. डबे भरताना तेलाची किटली उचलली की हात थांबतो. घरात करडईचं तेल बंद करायचं धाडस मला झालं नाही. आईनं विचारलं असतं, का गं? आणि त्या प्रश्नाचं उत्तर तिच्यापुढं ठेवणं म्हणजे काय, ते मला रोज कळत होतं. ती पासष्टीच्या पुढची बाई आहे. तिच्याजवळ तिच्या मुलाचं एवढंच उरलंय की तिनं त्याच्यासाठी सगळं केलं.

पुढच्या अवसेला तिनं पत्रावळ बांधायला घेतली तेव्हा मी किल्ली घेऊन आले. म्हणाले, "चल, मी सोडते." ती माझ्याकडे बघत राहिली. "थोतांडाला जागा हाय व्हय गाडीत?" मी म्हणाले, "बस आता."

वळणावर दुपारची वेळ होती. खाली पासलीची खाचरं पोटरीला आलेल्या भातानं गच्च भरलेली. आईनं पत्रावळ कठड्याजवळ ठेवली, हात जोडले आणि मोठ्यानं म्हणाली, "बाई, पोट भरलं का तुजं? आता कुणाला वढू नगंस." मी गाडीतच बसून होते. ज्या बाईला मी भर दहाव्यात खोटं ठरवलं होतं ती मला तिथं उभी असावीशी वाटली. अगदी मनापासून. हिरव्या लुगड्यात, दात विचकून, कशीही. ती असती तर किती बरं झालं असतं. लोकांनी तिला का घडवलं असेल ते मला पहिल्यांदा कळलं, आणि कळल्याचाच राग आला.

यंदाची खंडेनवमी आली. आईनं सकाळीच अंगण सारवलं, हत्यारं मांडली, झेंडूच्या माळा केल्या. मी रात्रीपासूनच ठरवून ठेवलं होतं. ती वाटी घेऊन यायच्या आत मी व्हॅनचं बॉनेट उघडलं आणि समोर उभी राहिले, ती पांढरी बाटली माझ्या पाठीमागं येईल अशी. दुसऱ्या बाजूला काच धुवायच्या पाण्याची टाकी असते, निळ्या झाकणाची. मी ते झाकण काढून हातात धरलं.

"हितं घाल, आई."

ती वाटी घेऊन वाकली. चमच्यात तेल घेतलं. मग तिचा हात टाकीच्या तोंडावर तसाच राहिला. तिनं आत बघितलं. पाणी होतं. तिनं माझ्या खांद्यावरून पलीकडे बघायचा प्रयत्न केला, मी हलले नाही.

"ह्यातच का?"

"व्हय. ह्यातच घालायचं असतं."

तिनं चमचा उलटा केला. तेल पाण्यावर गोल पसरलं. ती ते बघत होती. वर न बघता तिनं विचारलं, "आन त्याच्या गाडीत? त्याच्या गाडीत बी म्या ह्यातच घातलं व्हतं न्हवं?"

मला वाटलं होतं मी सगळं ठरवलंय. हे ठरवलं नव्हतं. ती हे किती दिवस मनात धरून होती, वाल सोलताना हात थांबला तेव्हापासून की त्याच्याही आधीपासून, मला माहीत नाही. मी कधी विचारणारही नाही.

"व्हय आई," मी म्हणाले. "ह्यातच."

"तू बगितलं व्हतंस?"

"बघितलं व्हतं."

"माज्या गळ्याची शप्पत घे."

शपथा मी मानत नाही. शाळेत असल्यापासून नाही. लोक खोटी शपथ घ्यायला घाबरतात, मला त्याचं हसू यायचं. मी हात पुढे केला आणि तिच्या गळ्याला लावला. तिथली कातडी सैल झाली आहे, आणि तिच्याखाली शीर उडत होती.

"तुज्या गळ्याची शप्पत."

तिनं डोळे मिटले. मग चमचा वाटीत ठेवला आणि बोटांना राहिलेलं तेल माझ्या केसांना पुसलं, आम्ही लहान असताना पुसायची तसं.

"मंग ती बाईच व्हती," ती म्हणाली.

"तीच व्हती," मी म्हणाले. "हिरव्या लुगड्यातली."

"आवंदा तिला नवं लुगडं न्हेऊ."

"नेऊ," मी म्हणाले, आणि बॉनेट खाली पाडलं.